घडाचा भाव आणि बाटलीची सूट

जानेवारी 2022 या एकाच महिन्यात भोपाळ आणि मुंबई इथल्या मंत्रिमंडळांनी वाइनविषयी दोन निर्णय घेतले. मध्य प्रदेशाने 2022-23 च्या अबकारी धोरणात राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून राज्यातच तयार होणाऱ्या वाइनवरचे शुल्क माफ केले आणि द्राक्षांबरोबर जांभळाच्या वाइनलाही वाट करून दिली. महाराष्ट्राने 27 जानेवारीला 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटात वेगळे कपाट ठेवून वाइन विकण्याची मुभा जाहीर केली. महाराष्ट्रात त्यावर गदारोळ झाला. तेव्हा विरोधात असलेल्या भाजपने ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या आणि निर्णय अमलात न येता मागे पडला. मध्य प्रदेशात धोरण लागू झाले, पण त्याची चर्चा श्रीमंतांच्या घरगुती बार-परवान्याभोवती फिरली. दोन्हीकडे समर्थनाचा मुद्दा मात्र एकच होता: वाइनमुळे शेतकऱ्याच्या फळाला भाव मिळेल. हा मुद्दा खरा आहे का, आणि खरा ठरायचा असेल तर काय करावे लागेल, हे तपासायला या दोन राज्यांच्या सीमेवरचे, मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर ही उत्तम जागा आहे. कारण तिथे द्राक्षे नाहीत, केळी आहेत. आणि वाइनचे सगळे सरकारी धोरण द्राक्ष डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे.

तापीकाठचे हे गाव फारुकी सुलतानांनी वसवले, मोगलांनी दख्खनचे ठाणे म्हणून वाढवले, आणि 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यापासून वेगळे होऊन ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. काळी जमीन, तापीचे पाणी आणि रावेर-यावल पट्ट्याशी शतकांची सोयरीक यांमुळे इथली शेती खानदेशी शेतीचाच पुढचा भाग आहे. वीस हजारांहून अधिक हेक्टरांवर केळी उभी असतात आणि वर्षाला पंधरा लाख टनांच्या पुढे माल निघतो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बऱ्हाणपूरच्या वाट्याला केळीच आली, यात नवल नाही. इथल्या बाजार समितीत केळीचा लिलाव होतो आणि त्या लिलावाचा भाव सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरचे शेतकरीही रोज पाहतात. जी-नाईन जातीच्या केळीचा चांगला भरलेला घड दिल्ली-पंजाबच्या ट्रकमध्ये चढतो, काही माल आखाती देशांत जातो. पण प्रत्येक बागेत काही घड असे निघतात की ज्यांच्या फण्या लहान असतात, सालीवर डाग असतात, केळ वाकडे किंवा जास्त पिकलेले असते. व्यापारी तो माल बाजूला काढतो. खानदेशात त्याला वापसी म्हणतात. भाव पडलेल्या दिवसांत वापसीला कापणीची मजुरीही निघेल इतके पैसे मिळत नाहीत आणि घड बांधावर किंवा गुरांपुढे टाकले जातात. वादळाच्या आणि करपा रोगाच्या वर्षी तर अर्धी बागच वापसी होते.

वाइनला उत्तेजन देणाऱ्या धोरणाने शेतकऱ्याचे भले करायचे असेल, तर त्याने या वापसीचा भाव वाढवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आणि तो आपोआप वाढत नाही. आज जी सूट दिली जाते ती बाटलीवर दिली जाते, घडावर नाही. बाटलीवरचे शुल्क माफ झाले की लाभ आधी कारखानदाराच्या हाती पडतो. त्यातला किती अंश फळाच्या किमतीत उतरेल हे कारखानदाराच्या गरजेवर ठरते. द्राक्षाच्या बाबतीत ही गरज थोडीफार शेतकऱ्याच्या बाजूची होती. केळीच्या बाबतीत ती त्याच्या बाजूची नसेल. म्हणून शुल्कमाफी फळाला दिलेल्या किमान भावाशी बांधली पाहिजे. ही अट नसेल तर केळीच्या वाइनला प्रोत्साहन हे शेतकऱ्याच्या नावाने दुसऱ्याला दिलेले अनुदान ठरेल.

महाराष्ट्राचा वीस वर्षांचा अनुभव याविषयी बरेच काही सांगतो. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाइनला लघुउद्योगाच्या सवलती मिळाल्या, दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ झाले, परवाने सुटसुटीत केले गेले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभारले गेले. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने आणि नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने पाया घातला होताच. धोरणानंतर पुढच्या काही वर्षांत वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली, नाशिक हे देशाच्या वाइनचे केंद्र बनले, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, द्राक्षबागांत पर्यटन आले, खेड्यांतल्या मुलांना तळघरांत आणि प्रयोगशाळांत नोकऱ्या मिळाल्या. हे यश खरे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण त्याच धोरणाची दुसरी बाजू 2008 नंतर उघडी पडली. जागतिक मंदी आणि मुंबईवरचा दहशतवादी हल्ला यांनी पर्यटन कोसळले, हॉटेलांची मागणी आटली, इंडेज बुडाली आणि कारखान्यांच्या शब्दावर वाइनच्या जाती लावलेल्या शेतकऱ्यांची द्राक्षे वेलीवर राहिली. खाण्याच्या बाजारात त्या बारीक, बियांच्या द्राक्षांना गिऱ्हाईक नव्हते. अनेकांनी वेली उपटून पुन्हा थॉम्सन ही खाण्याची जात लावली. शुल्कमाफी त्या वर्षीही चालूच होती. तिने कारखान्यांचा तोटा काहीसा हलका केला, शेतकऱ्याचा केला नाही, कारण धोरणात शेतकऱ्याशी कसलाच करार नव्हता.

पुढे राज्याने वाइनवर आकारलेल्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना चालवली. ती मधे थांबली, मग पुन्हा सुरू झाली. हा परतावा विक्रीवर मिळतो, म्हणजे ज्याची विक्री जास्त त्याला जास्त. मोठ्या वाइन कंपनीच्या नफ्यात हा आकडा ठळकपणे दिसतो. त्यात बेकायदा काही नाही. कंपनीने नियमाप्रमाणे आपला हक्क घेतला. प्रश्न नियम लिहिणाऱ्यांचा आहे. परताव्याची रक्कम ठरवताना द्राक्ष कोणाकडून घेतले आणि कितीला घेतले, या प्रश्नाला त्यात जागा नव्हती. शिवाय प्रमाणाचेही भान ठेवावे लागते. देशात पिकणाऱ्या तीस लाख टनांहून जास्त द्राक्षांपैकी दोन-एक टक्केच वाइनकडे जातात. नाशिकचा सामान्य द्राक्ष बागायतदार आजही निर्यातीवर, खाण्याच्या बाजारावर आणि बेदाण्यावर जगतो.

तरीही नाशिकच्या वाइन-शेतकऱ्याजवळ एक ताकद होती, जी बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याजवळ असणार नाही. शिराझ, कॅबरने किंवा सोविन्यों ब्लाँ ही द्राक्षे बाजारात जाऊन विकत घेता येत नाहीत. ती मुद्दाम लावून घ्यावी लागतात, वेल फळायला दोन-तीन वर्षे जातात, छाटणी, पाणी आणि साखर यांवर कंपनीच्या माणसाची नजर लागते. म्हणून टिकलेल्या कंपन्यांना शेतकऱ्यांशी दहा-दहा वर्षांचे करार करावे लागले आणि त्या करारांत भावाची काही हमी आली. केळीच्या वाइनला जातीची अशी गरज नाही. खायला जी जी-नाईन, तीच आंबवायला. कारखानदाराने सकाळी बाजार समितीत माणूस पाठवला की त्याला हवी तितकी वापसी हव्या त्या पडेल भावाने मिळेल. करार करण्याचे कारणच उरत नाही. जिल्ह्यात कच्चा माल उदंड आहे, ही गोष्ट उद्योग विभागाच्या पत्रकात बऱ्हाणपूरची जमेची बाजू म्हणून छापली जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच त्याची पडती बाजू आहे.

आता केळीची वाइन होते तरी कशी, हे पाहिले पाहिजे, कारण धोरणातल्या कितीतरी चुका फळाचा स्वभाव न जाणल्याने होतात. द्राक्ष हे वाइनसाठी जवळपास तयार फळ आहे. रस सुटतो, साखर भरपूर असते, आंबटपणा नेमका असतो. केळ तसे नाही. कच्च्या केळ्यात पिष्ट असते. पिकताना त्याची साखर होते आणि पूर्ण पिकलेल्या गरात ती साधारण 15 ते 20 टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणजे वाइनला केळ पिवळे नव्हे, ठिपके पडलेले लागते. गरात पेक्टिन भरपूर असल्याने तो लगदाच राहतो, रस सुटत नाही. त्यासाठी पेक्टिन तोडणारे विकर घालून गर पातळ करावा लागतो. द्राक्षरसाचा सामू साडेतीनच्या आसपास असतो, केळीचा साडेचार ते पाच. इतक्या कमी आंबटपणात नको ते जीवाणू वाढतात, म्हणून सायट्रिक किंवा टार्टरिक आम्ल मिसळावे लागते. गर हवेत काळवंडतो, त्याला आवर घालावा लागतो. मग यीस्टचे काम सुरू होते. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. हे आंबवणे 18 ते 22 अंशांच्या आसपास झाले तर केळीचा वास टिकतो. बऱ्हाणपूरला मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे जातो, म्हणजे शीतकरणाशिवाय गत्यंतर नाही. पेक्टिन तुटताना थोडे मिथेनॉलही सुटते; त्याची तपासणी चोख हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मद्यांसाठी 2018 साली जे नियम केले त्यांत द्राक्षेतर फळांच्या वाइनची नोंद आहे, तेव्हा मापदंड शोधायला कुठे लांब जावे लागत नाही.

यात केळीच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. द्राक्षांची वाइनरी वर्षातून दोन-अडीच महिने फळ घेते आणि तिची टाकी, दाबयंत्रे, माणसे उरलेले वर्ष त्या हंगामावर जगतात. केळी मृगबाग आणि कांदेबाग या दोन लागवडी मिळून बारमाही येतात, म्हणून लहान टाक्यांत वर्षभर काम चालू शकते आणि तितक्याच उत्पादनाला भांडवल कमी लागते. दुसरे म्हणजे वाइनला सालीवरच्या डागाशी देणेघेणे नाही. चिप्सला कच्चे, भरदार केळ लागते. केळीची भुकटी करायलाही बहुधा कच्चाच माल जातो. धागा तर खोडापासून निघतो. पिकून ठिपके पडलेले, ट्रकमध्ये चढायच्या लायकीचे न उरलेले केळ घेणारा प्रक्रिया उद्योग फार थोडा आहे. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा, रवांडा, बुरुंडी या देशांत केळी आंबवून पेय करण्याची परंपरा शतकांची आहे आणि टांझानियात ती बाटलीबंद होऊन दुकानातही आली आहे. आपल्याकडे केरळने 2022 साली फळांच्या लहान वाइनरींसाठी वेगळे नियम केले आणि तिथल्या कृषी विद्यापीठाने काजूबोंड, अननस यांच्याबरोबर केळीचीही वाइन केली. तेव्हा हे तंत्र नवखे नाही.

मग हिशेब करून पाहू. एक टन केळी सोलली की गर सहाशे किलोच्या आसपास निघतो आणि गाळ वजा जाता त्यातून सुमारे साडेचारशे लिटर वाइन मिळेल असे धरू. म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीला साधारण पावणेदोन किलो केळी लागतात. वर्षाला एक लाख लिटर काढणारी वाइनरी सव्वादोनशे टनांच्या आत केळी घेईल. जिल्ह्याचे उत्पादन पंधरा लाख टन धरले तर ही सव्वा तासाची केळी झाली. अशा दहा वाइनरी उभ्या राहिल्या तरी अर्ध्या दिवसाचा माल संपतो. तेव्हा ‘वाइनमुळे बऱ्हाणपूरचा केळी-प्रश्न सुटेल’ असे कोणी व्यासपीठावरून सांगत असेल तर ते साफ चूक आहे, आणि असे सांगून शेतकऱ्याची आशा वाढवणे हा गुन्हा आहे. पण हाच हिशेब दुसऱ्या अंगाने पाहिला तर वेगळे दिसते. वापसी किलोला 3 रुपयांनी गेली असे समजा. बाटलीतल्या फळाची किंमत सव्वापाच रुपये झाली. तीच केळी कारखान्याने 10 रुपयांनी घेतली तर फळाचा खर्च साडेसतरा रुपये होतो. फरक सव्वाबारा रुपयांचा. बाटली पाचशे रुपयांना विकली जाणार असेल तर तिच्या किमतीत हा फरक अडीच टक्केही नाही. काच, बूच, लेबल, वीज, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि कर यांच्यापुढे तो नगण्य आहे. शेतकऱ्यासाठी मात्र तो तिपटीहून जास्त भाव आहे. एकरी 28 टन उत्पादनातला दहावा भाग वापसी निघाला असे मानले तर किलोमागे 7 रुपयांच्या वाढीने एकरी साडेएकोणीस हजार रुपये होतात, आणि करप्याच्या वर्षी खताची उधारी फेडायला एवढे पैसे पुष्कळ असतात.

या हिशेबातून निघणारी गोष्ट धोरणाच्या मुळाशी जाते. जिथे पक्क्या मालाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा इतका लहान असतो, तिथे कारखानदाराला चांगला भाव देणे सहज परवडते, पण देण्याची गरज मुळीच नसते. परवडणे आणि देणे यांच्यामधले अंतर सरकारच भरून काढू शकते, आणि तेही एक पैसा जास्त न खर्चता. जी सूट ते देतच आहे तिला अट जोडून.

यावर पहिला आक्षेप येईल तो आकाराचा. सव्वा तासाच्या केळीसाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. दहा वाइनरींनी फार तर हजारभर एकरांची वापसी उचलली जाईल, जिल्ह्यात केळीखाली त्याच्या पन्नास-साठ पट जमीन आहे. केळी उत्पादकाची पहिली गरज वाइन नाहीच. त्याची पहिली गरज पीकविमा आहे. सीमेपलीकडच्या रावेरच्या शेतकऱ्याला हवामानावर आधारित विम्याचा आधार असताना बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे त्यासाठी मागणी करावी लागली, हे मध्य प्रदेश सरकारला शोभणारे नाही. त्यानंतर शीतगृहे, पिकवणगृहे आणि रेल्वेने स्वस्त वाहतूक. वाइनचा क्रम त्याच्याही मागे लागतो. पण मागे असणे म्हणजे नसणे नव्हे. चिप्स, भुकटी, धागा आणि वाइन ही चारही कामे एकेकटी किरकोळ आहेत. मिळून ती बाजारातला व्यापाऱ्याचा एकहाती शब्द थोडा सैल करतात. लिलावात वापसीला दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले, मग ते दिवसाला दोन-चार टनच घेणारे का असेना, की ‘घ्या नाहीतर फेका’ असे म्हणणे कठीण जाते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दारू ती दारू. तिला फळाचे नाव देऊन सरकारने तिचा प्रसार का करावा? संविधानाचा अनुच्छेद 47 मादक पेयांना आळा घालण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवतो. ज्या घरांत दारूने माणसे खाल्ली त्या घरांतल्या बाया जेव्हा मतदान करून गावात बाटली आडवी करतात, तेव्हा त्या काही तत्त्वचर्चा करत नसतात. मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2025 पासून 19 धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. त्यांत ज्या मुलताईला तापी उगम पावते तेही गाव आहे. या भावनेला उडवून लावून वाइनचे धोरण टिकणार नाही, आणि टिकूही नये. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो: उत्पादनाला आधार देणे आणि विक्रीचा पसारा वाढवणे. महाराष्ट्राचा 2022 चा निर्णय दुसऱ्या प्रकारचा होता. किराण्याच्या रांगेत बाटली ठेवल्याने फळाचा भाव वाढेल याला कसलाही पुरावा नव्हता, पण नव्या घरांत दारू पोचण्याची शक्यता मात्र होती. तो निर्णय मागे पडला हे योग्यच झाले. बऱ्हाणपूरच्या वाइनला नवे दुकान एकही नको. आहे त्या परवानाधारक ठिकाणी, पर्यटन महामंडळाच्या निवासांत आणि निर्यातीत तिने आपली जागा शोधावी.

तरीही कोणी म्हणेल की आधार उत्पादनाला असो वा विक्रीला, पिणे वाढणारच. इथे मी पूर्ण सहमत नाही. मध्य प्रदेशात जे पिणे आहे त्याचा मोठा भाग देशी दारू आणि कडक विदेशी मद्याचा आहे. कर अल्कोहोलच्या प्रमाणावर बसवला, जितके कडक तितका जास्त, तर आठ-दहा टक्क्यांची फळाची वाइन कडक दारूची जागा काही अंशी घेऊ शकते. ती तिच्यात भर घालेलच असे नाही. राज्याच्या 2025-26 च्या धोरणाने दहा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांसाठी वेगळे बार मान्य केले, त्यामागे हाच विचार दिसतो. संपूर्ण बंदीच्या वाटेविषयी बऱ्हाणपूरच्या इतिहासात एक करुण नोंद आहे. अकबराचा मुलगा दानियाल इथे दख्खनचा सुभेदार असताना दारूच्या आहारी गेला. बापाच्या हुकमावरून त्याच्यावर पहारे बसले, तेव्हा त्याच्या माणसांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत आणली आणि ती पिऊन तो गेला, असे जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यानंतर दहाएक वर्षांनी, 1615 साली, इंग्रज वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात शाहजादा परवेजला भेटला तेव्हा त्याने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली. परवेज इतका प्याला की पुढची भेट होऊ शकली नाही. पहाऱ्याने दानियाल वाचला नाही आणि मोकळिकीने परवेज शुद्धीवर राहिला नाही. आपण दोन्ही टोके सोडून करांच्या आणि परवान्यांच्या मधल्या, कंटाळवाण्या वाटेने गेले पाहिजे.

सवलत कोणाला मिळावी हे कायद्यात लिहिता येते, याचा दाखला मध्य प्रदेशानेच घालून दिला आहे. राज्याने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि ती गाळण्याचा परवाना आदिवासी स्वयंसहायता गटांपुरता राखून ठेवला. अलिराजपूर आणि डिंडोरी जिल्ह्यांतून ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी तिच्या बाटल्या आल्या. त्यांची विक्री मोठी झालेली नाही. सरकारी पर्यटन निवासांपलीकडे बाजार मिळवणे गटांना जड जाते. पण तत्त्व पक्के आहे: सूट हवी असेल तर फूल वेचणाऱ्याचा हात उत्पादनात असला पाहिजे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातला खकनार विकासखंड अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथल्या कोरकू-भिलाल्यांच्या घरी मोह आहेच. जे मोहाच्या फुलाला लागू झाले ते केळीला का लागू होऊ नये? तिथे वेचणाऱ्याचा गट, इथे शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी. केळीच्या वाइनरीत अशा कंपनीचा ठरावीक हिस्सा असेल तरच पूर्ण शुल्कमाफी, नाहीतर अर्धी, अशी पायरी करता येईल.

किमान भावाची अट तर मराठी माणसाला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरतो. त्यापुढे जाऊन रंगराजन समितीने 2012 साली साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा अशी शिफारस केली. मळीपासून मद्यार्क करून कारखाने कमावतात आणि उसाचा भाव मात्र साखरेवरच मोजला जातो, ही तक्रार जुनी होती. त्या शिफारशीने तिला उत्तर दिले. फळाच्या वाइनवर सत्तर टक्क्यांचा वाटा मागणे वेडेपणाचे ठरेल, कारण बाटलीत फळापेक्षा कौशल्य आणि काच जास्त असते. पण किमान भाव मागणे शक्य आहे, आणि तो ठरवायला नवी समिती नेमायची गरज नाही. बऱ्हाणपूरच्या बाजार समितीत रोज चांगल्या केळीचा भाव निघतो. शुल्कमाफी घेणाऱ्या वाइनरीने वापसी त्या दिवसाच्या भावाच्या निम्म्याहून कमी दराने घेऊ नये, आणि पडत्या दिवसांतही वर्षारंभी ठरलेल्या एका आकड्याच्या खाली जाऊ नये, एवढा नियम पुरे आहे.

उद्योजक म्हणतील, आणखी एक इन्स्पेक्टर दारात उभा राहील. अबकारी खात्याचा माणूस वाइनरीच्या दारात आजही उभा असतो, तो टाकीतले लिटर मोजतो. त्याच वहीत काट्याची पावती आणि शेतकऱ्याच्या खात्यात गेलेल्या पैशाची नोंद एवढे दोन रकाने वाढवायचे आहेत. लिटर आणि टन यांचे गुणोत्तर निसर्गाने बांधून दिले आहे. साडेचारशे लिटरला एक टन हा मेळ बसला नाही तर चोरी कुठे झाली ते कागदावरच दिसेल. त्यांची खरी अडचण वेगळी आहे आणि ती सरकारने मान्य करावी. मध्य प्रदेशाचे अबकारी धोरण दरवर्षी एप्रिलला नवे होते. टाक्या, शीतकरण आणि प्रयोगशाळा यांत घातलेले पैसे एका वर्षात परत येत नाहीत, आणि पुढच्या एप्रिलला सूट राहील की नाही हे माहीत नसेल तर शहाणा माणूस पैसे घालणार नाही. महाराष्ट्राने 2001 साली दहा वर्षांचा शब्द दिला म्हणूनच नाशिक उभे राहिले. भोपाळने केळीचे नाव धोरणात घालावे, दहा वर्षांसाठी घालावे, आणि त्याच ओळीत वापसीचा भावही लिहावा. उद्योजकाला मुदत हवी आहे, शेतकऱ्याला भाव; एकाच अधिसूचनेत दोघांना दोन्ही देता येते, आणि पहिल्या वाइनरीचा परवाना निघण्याआधी ती अधिसूचना आली तर अट मागाहून लादली असे म्हणायला कोणालाही जागा राहणार नाही.